अकरा पानं आणि चौदा हजार रुपये: नाशिकमधल्या एका कॉमिक्स गटातल्या वादाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गंगापूर रोडवरच्या एका गल्लीत, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी दहा ते बारा तिथे आमचा कॉमिक्स वाचणाऱ्यांचा गट जमतो. दोन लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, पावसाळ्यात ओल धरणारी एक भिंत आणि साडेतीनशेच्या आसपास कॉमिक्स. खोलीचं भाडं नाही. डॉक्टर स्वतः अमर चित्रकथा वाचत मोठे झाले, म्हणून त्यांनी ती दिली.

मी या गटाची समन्वयक. गेल्या पावसाळ्यात आमच्यात एक वाद लागला आणि चौदा जणांचा गट फुटायच्या बेताला आला. तो कसा लागला, मी काय काय केलं, त्यातलं काय चुकलं, हे इथे सविस्तर लिहिते आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बोलणी मात्र आठवतात तशीच ठेवली आहेत.

या प्रकरणात चार माणसं महत्त्वाची. पहिले, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले काका. आमच्याकडे नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की नोटांचा किंवा सिक्युरिटी प्रेस हे कुणाला सांगावं लागत नाही. काकांची नजर छपाईची. पुस्तक हातात आलं की आधी कागद बोटांत चोळून बघणार, मग खिशातलं भिंग काढणार. दुसरा, सिडकोत राहणारा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा. मार्व्हल आणि डीसी या अमेरिकन कंपन्यांचे ताजे अंक तो टॅबवर आले त्या आठवड्यात वाचतो. तिसरी, पंचवटीतली ॲनिमेशनचा कोर्स करणारी मुलगी, गटात सगळ्यांत नवी आणि सगळ्यांत कमी बोलणारी. चौथे, शाळेत शिकवणारे एक सर, ज्यांनी हा गट सुरू करायला मला मदत केली होती.

वाद कशावरून लागला

नव्या खरेदीसाठी प्रत्येकी हजार रुपये जमवले होते. एकूण चौदा हजार. परदेशी संग्रहांच्या किमती पाहिल्या तर ही रक्कम नऊ-दहा पुस्तकांची. जुलैमधल्या दुसऱ्या रविवारी विषय एकच होता, काय घ्यायचं.

काका म्हणाले, साठ ते ऐंशीच्या दशकातलं घ्या. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बीचं ‘फँटॅस्टिक फोर’, चित्रकार स्टीव्ह डिट्कोचा स्पायडरमॅन, मिळाले तर रद्दीतून इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक. “आताच्या लेखकांना गोष्ट सांगता येत नाही,” ते म्हणाले. “बावीस पानं वाचली तरी नायक सोफ्यावरून उठत नाही.”

सिडकोचा मुलगा लगेच म्हणाला, “काका, तुमच्या वेळी नायक इमारतीवरून खाली पडता पडता संवादाचे चार फुगे भरून बोलायचा. आणि चित्रात जे दिसतंय तेच वर चौकटीत लिहिलेलं असायचं.”

इथपर्यंत सगळे हसत होते. मलाही वाटलं, चांगल्या गप्पा रंगल्या. मग सर म्हणाले की नव्या लेखकांना गोष्टीपेक्षा विचार घुसडायचे असतात. मुलगा म्हणाला, १९३८ च्या पहिल्या अंकातच सुपरमॅन बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो आणि पुढाऱ्याला विकत घेऊ पाहणाऱ्या दलालाच्या मागे लागतो, तो विचार नव्हता का? कॅप्टन अमेरिका १९४१ च्या मार्चच्या अंकाच्या मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा मारतोय, आणि अमेरिका युद्धात उतरली ती त्या वर्षीच्या डिसेंबरात. सर म्हणाले, तेव्हा तो गोष्टीत मुरलेला असायचा, आता वरून भुरभुरवलेला असतो. आवाज वाढायला लागले.

तेवढ्यात काका एक वाक्य बोलून गेले. “जुन्या नायकाचं नाव काढून नव्या पोरीला देतात, ही फसवणूक आहे. त्यात लेखन कुठे आलं?”

पंचवटीची मुलगी टेबलाच्या टोकाला बसली होती. तिच्यासमोर ‘मिस मार्व्हल’चा पहिला खंड होता, हे जुनं नाव घेतलेल्या कमला खान या नव्या नायिकेचा, तिचा स्वतःचा, कोपरे झिजलेला. यादीत सुचवायला म्हणून आणला होता. तिने तो उचलून पिशवीत ठेवला. हे मी पाहिलं आणि तरी पुढचा विषय घेतला.

पहिला निर्णय आणि पहिली चूक

पावणेबारा झाले होते, खाली दवाखाना उघडायची वेळ होत होती. मला विषय संपवायचा होता. मी म्हटलं, हात वर करा. जुन्याच्या बाजूने आठ, नव्याच्या बाजूने पाच. मुलीने हातच वर केला नाही.

मतदान सगळ्यांत न्याय्य असं मला तेव्हा वाटलं. पण ‘जुनं की नवं’ हा प्रश्नच असा होता की हात वर करणारा प्रत्येक जण एका पुस्तकाऐवजी आपल्या वयाच्या बाजूने मत देत होता. सिडकोचा मुलगा उठला आणि म्हणाला, “मग माझे हजार परत द्या, ताई.” त्याच्या मागे आणखी दोघं उठले. काका जिंकले होते, तरी त्यांचाही चेहरा उतरलेला होता.

चौथ्या रविवारी सात जण आले. मुलगी आली नाही. त्यापुढच्या वेळीही आली नाही.

वाद नेमका कशाचा होता

मधल्या काळात मी दोन्ही बाजूंचं बोलणं वहीत मांडून पाहिलं. ‘आताच्या लेखकांना गोष्ट सांगता येत नाही’ या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी गुंडाळलेल्या होत्या.

एक, वेग. १९६२ मध्ये स्पायडरमॅनची जन्मकथा अकरा पानांत संपली. २००० मध्ये ब्रायन मायकल बेंडिसने ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’मध्ये तीच कथा घेतली तेव्हा पहिलं कथानक सात अंक चाललं. ही नोंदलेली गोष्ट आहे, काकांची नुसती कुरकुर नाही. त्यामागचं कारणही ठाऊक आहे. अंक पुढे खंड म्हणून बांधून पुस्तकांच्या दुकानात विकायचे, म्हणून पाच-सहा अंकांच्या मापाने कथा लिहिली जाऊ लागली. खंडात वाचणाऱ्याला ती चाल बरी वाटते. महिन्याला एक अंक घेणाऱ्याला उपाशी ठेवते.

दोन, लेखकावर टाकलेला दोष. ओझरहून येणारे एक दादा नव्यांवर चिडतात ते स्पायडरमॅनच्या ‘वन मोअर डे’ या कथेमुळे. १९८७ मध्ये झालेलं पीटर पार्करचं, म्हणजे स्पायडरमॅनचं, लग्न २००७ मध्ये सैतानाशी सौदा करून पुसून टाकलं गेलं. दादा याचा राग लेखक स्ट्राझिन्स्कीवर काढतात. प्रत्यक्षात लग्न मोडायचं हे मार्व्हलचे तेव्हाचे मुख्य संपादक जो केसाडा यांनी ठरवलं होतं, आणि शेवटच्या भागांवरून आपलं नाव काढावं असं आपल्याला वाटलं होतं, हे स्ट्राझिन्स्कीने स्वतः जाहीर केलं. ज्या निर्णयाला लेखकाचा विरोध होता, त्याच निर्णयासाठी त्याला वाचकांच्या शिव्या खाव्या लागल्या.

तीन, लेखक म्हणजे कोण. काका ‘स्टॅन लीचं लेखन’ म्हणतात. पण त्या काळच्या मार्व्हलच्या पद्धतीत ली कथेचा सांगाडा सांगायचे, कर्बी किंवा डिट्को पानं रचून काढायचे आणि मग ली फुग्यांतला मजकूर भरायचे. गोष्टीची चाल बऱ्याचदा चित्रकाराची. आज लेखक पानापानाची पटकथा लिहून देतो. दोन वेगळी कामं एकाच नावाखाली तोलणं बरोबर नाही. बॅटमॅन घडवण्यात वाटा असलेल्या बिल फिंगरचं नाव निर्माता म्हणून अधिकृतपणे यायला २०१५ उजाडलं, हे लक्षात ठेवलं की ‘जुने लेखक’ हा शब्दच जपून वापरावासा वाटतो.

चार, आणि हीच मला सगळ्यांत अडचणीची वाटली. काका चाळीस वर्षांतलं निवडक वाचून बोलत होते आणि समोर ठेवत होते या महिन्याचा सगळा गठ्ठा. १९८६ म्हटलं की आपल्याला ‘वॉचमेन’ आणि ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ आठवतात. त्या वर्षी दुकानात आलेलं बाकीचं सगळं आपण विसरलो. मुलगाही तेच उलटं करत होता. तो टॉम किंगचं ‘व्हिजन’ आणि अल यूइंगचं ‘इमॉर्टल हल्क’ पुढे करत होता आणि जुन्यातले सगळ्यांत बालिश फुगे वाचून दाखवत होता.

पाचवी गोष्ट वहीत नव्हती. ती नंतर कळली.

समोर असलेले पर्याय

पैसे अर्धे अर्धे वाटावेत, हा पहिला विचार. सात हजार जुन्याला, सात हजार नव्याला. भांडण मिटलं असतं, पण कपाटंही दोन झाली असती आणि एका कपाटाकडे दुसऱ्या बाजूने कुणी फिरकलं नसतं.

सरांचं म्हणणं, मत झालंय, ते पाळा, ज्यांना पटत नाही त्यांना पैसे परत द्या. नियमाला धरून होतं. पण पाच जण जाणार हे दिसत होतं, आणि ते सगळे पंचविशीच्या आतले.

विषयच बंद करावा, नव्या-जुन्याचं नाव काढायचं नाही, असंही एकाने सुचवलं. हे मी लगेच नाकारलं. कॉमिक्सवर भांडता येत नसेल तर रविवारी सकाळी झोप मोडून यायचं कशाला?

चौथा पर्याय माझ्या मनात होता. खरेदी दोन महिने थांबवायची आणि तोवर दोन्ही बाजूंनी एकाच टेबलावर, एकाच वेळी, एकच पान वाचायचं. लेखकांबद्दल बोलायचं नाही, पानाबद्दल बोलायचं. धोका होता की लोक कंटाळतील, याला शाळा म्हणतील. सर तसं म्हणालेही. तरी मी हाच पर्याय घेतला.

त्याआधी मात्र पंचवटीत जायचं होतं.

मुलीच्या घरी

ऑगस्ट लागला होता. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर होता, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आलं म्हणून पुलावर बघ्यांची गर्दी होती. तिच्या आईने चहा केला. मुलगी आधी परीक्षेचं कारण सांगत होती. मग म्हणाली, “ताई, पुस्तकाला कुणी वाईट म्हटलं तर चालतं मला. मी पण म्हणते कधीकधी. पण मी ज्याच्यापासून वाचायला लागले ते लेखनच नाही म्हणाले. मग मी तिथे काय करते?”

मी म्हटलं, काकांना कमला खान माहीतच नाही, त्यांनी ते पुस्तक उघडलेलं नाही. ती म्हणाली, “तेच तर.”

ही भेट मी त्याच रविवारी संध्याकाळी घ्यायला हवी होती. मला तीन आठवडे लागले.

अकरा पानांचा रविवार

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी दहा जण आले. मुलगी नव्हती. टेबलावर ‘अमेझिंग फँटसी’च्या पंधराव्या अंकातली स्पायडरमॅनच्या जन्मकथेची ती अकरा पानं, आणि शेजारी बेंडिस आणि चित्रकार बॅग्लीच्या ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’च्या पहिल्या अंकाची पानं. अट एकच: पान बोटाने दाखवल्याशिवाय बोलायचं नाही.

काकांनी भिंग काढलं. मग त्यांनी एक चौकट दाखवली. चोर पळत येतो, पीटर बाजूला उभा राहतो, पोलिसाला म्हणतो की हे माझं काम नाही. पुढे तोच चोर पीटरला वाढवणाऱ्या बेनकाकाचा जीव घेतो. “बघा, किती थोडक्यात. एवढ्याशा चुकीवर अख्खी गोष्ट उभी आहे. याला लेखन म्हणतात.” कुणी वाद घातला नाही. ते खरंच होतं.

मग मुलाने विचारलं, “काका, शक्तीबरोबर जबाबदारी येते, हे कोण म्हणतं?”

“बेनकाका म्हणतो की.”

“कुठे? बोट ठेवा.”

काकांनी अकरा पानं दोनदा उलटली. ते वाक्य शेवटच्या चौकटीत आहे, निवेदकाच्या मजकुरात. बेनकाकाच्या तोंडी नाही. या कथेत बेनकाका फार थोडा दिसतो आणि मरतो तोही पानाबाहेर. पोलीस दारात येऊन सांगतो. काकांनी भिंग खाली ठेवलं. ते म्हणाले, “पन्नास वर्षं मी त्याच्या तोंडून ऐकत होतो.”

यावर मुलाला टाळी घेता आली असती. त्याने घेतली नाही, याचं मला फार कौतुक वाटलं. त्याने बेंडिसची पानं पुढे सरकवली. तिथे बेनकाका केस मागे बांधणारा, गप्पा मारणारा, पुतण्याचं काय बिनसलंय हे ओळखू पाहणारा माणूस आहे. मुलाने त्याच्या मृत्यूपर्यंतचे पुढचे अंक टॅबवर काकांना दिले. काका ते खिडकीशी बसून वाचत राहिले. बारा वाजून गेले तरी कुणी उठेना.

वाचून झाल्यावर काका म्हणाले, “इथे काका गेल्याचं वाईट वाटतं. तिथे पुतण्याचं वाईट वाटलं होतं.”

या एका वाक्यासाठी मी हे प्रकरण लिहिते आहे असं म्हटलं तरी चालेल. वेगाबद्दलचा आमचा सगळा वाद त्यात आला. अकरा पानांत अपराधीपण दाखवता येतं, ते विजेसारखं पडतं. पण माणूस गेल्याची पोकळी दाखवायची तर आधी तो माणूस घरात वावरलेला दिसावा लागतो, आणि त्याला पानं लागतात. दोन लेखकांना दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या होत्या. बेंडिस जिथे खरोखर पाल्हाळ लावतो तिथेही काकांनी बोट ठेवलं, आणि मुलाने मान हलवली.

चिठ्ठ्या

चौथ्या रविवारी निवडकपणाचा प्रश्न घेतला. १९६५ ते २०२० मधल्या वर्ष-महिन्यांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या, सहा काढल्या, आणि त्या महिन्याचा जो अंक मुलाच्या टॅबवर पहिला निघेल तो वाचला. कुणी निवडलेला नाही, समोर येईल तो.

फार सांगण्यासारखं नाही. सहापैकी दोन अंक सगळ्यांना आवडले, एक सत्तरच्या दशकातला आणि एक २०१८ चा. नव्वदच्या दशकातला कुणालाच शेवटापर्यंत वाचवला नाही. त्यावर मी त्या काळाबद्दल थोडं बोलले. १९९१ चा ‘एक्स-मेन’चा पहिला अंक वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह ऐंशी लाखांवर विकला गेला, लोक वाचायला नाही तर भाव चढेल म्हणून गठ्ठ्याने घेत होते, आणि १९९६ मध्ये मार्व्हलला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. तेव्हा खप आणि दर्जा या दोन गोष्टी वेगळ्या.

मुलाने त्या दिवशी एक कबूल केलं. नव्या अंकांपैकी दोन असे होते की आधीचे अंक वाचले नसतील तर कोण कुणाशी का भांडतंय हे कळतच नाही. जुन्यांत भाषा कितीही बाळबोध असली तरी नवा वाचक आत येऊ शकत होता. दुसरीकडे, ख्रिस क्लेरमाँटला ‘एक्स-मेन’वर १९७५ ते १९९१ अशी सोळा वर्षं मिळाली. आज एका लेखकाला एका मालिकेवर इतका काळ क्वचितच मिळतो. पात्रं रुजवायला वेळ लागतो हे काकांना पटत होतं, तर तो वेळ नव्यांना मिळत नाही हेही त्यांनी मान्य केलं.

वहीत नसलेली पाचवी गोष्ट

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी मुलगी आली. मी तिला एवढंच म्हटलं होतं की तुझ्या पुस्तकाचं पहिलं पान तू वाच. इंग्रजीत नको, मराठीत सांग, जसं तोंडात येईल तसं.

पहिल्या पानावर काय आहे? जर्सी सिटीतल्या एका दुकानात कमला काचेमागच्या डुकराच्या मांसाच्या सँडविचचा नुसता वास घेत उभी आहे. घरच्या धर्माने खायला मनाई. मैत्रीण वैतागली आहे, खायचं नाही तर इथे उभी का? मुलीने ते आपल्या पंचवटीच्या मराठीत सांगितलं, थोडं लाजत, मग रंगून.

काका भिंगातून चित्र बघत होते. त्यांनी मान वर केली. “आमच्या घरात अंडं चालायचं नाही,” ते म्हणाले. “मी देवी चौकात ऑम्लेटच्या गाडीपाशी उभा राहायचो. गाडीवाला विचारायचा, घ्यायचंय का? मी म्हणायचो, नाही, मित्राची वाट बघतोय.” खोलीत कुणी बोललं नाही. मग काकांनी विचारलं, “पुढे काय होतं या पोरीचं?”

तिने पुढची पानंही सांगितली. नाव चोरल्याचंही तिने स्वच्छ सांगितलं: आधीची मिस मार्व्हल कॅरल डॅनव्हर्स २०१२ मध्येच कॅप्टन मार्व्हल झाली, नाव रिकामं होतं, आणि कमला तर तिचीच वेडी चाहती आहे, रात्री जागून तिच्यावर गोष्टी लिहिणारी. “म्हणजे आपल्यासारखीच,” काका म्हणाले. या पुस्तकाला २०१५ मध्ये विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला आहे, हे मी मागाहून सांगितलं. आधी सांगितलं असतं तर त्याचं ओझं झालं असतं.

चहाच्या वेळी काका मला बाजूला म्हणाले, “मराठीत ऐकलं म्हणून आत गेलं. मोबाइलवर ते बारीक इंग्रजी मी दोन पानं वाचतो आणि सोडतो.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकांचं लहानपण इंद्रजाल कॉमिक्सवर गेलं. १९६४ मध्ये ती मालिका फँटमपासून सुरू झाली, १९९० मध्ये बंद पडली, आणि तिचे मराठी अंक काकांनी पाठ होईपर्यंत वाचले. त्यांचा फँटम हा ‘वेताळ’ होता आणि मराठी बोलायचा. जुनं ते मायबोलीत, हातातल्या कागदावर वाचत आले. नवं ते परभाषेत, वीतभर पडद्यावर, बोटाने मोठं करत. आणि मग म्हणत होते, आताच्यांना लिहिता येत नाही. दोन महिने आम्ही लेखकांची बाजू घेऊन भांडलो, आणि ‘तुम्ही हे कुठल्या भाषेत, कशावर वाचलं?’ हे एकालाही सुचलं नाही. मलाही नाही.

निष्पत्ती

शेवटी पैसे परत कुणीच घेतले नाहीत. मतदान रद्द केलं. नवा नियम असा ठरला की पुस्तक सुचवणाऱ्याने त्यातली दोन पानं टेबलावर मराठीत वाचून दाखवायची, आणि मग घ्यायचं की नाही ते ठरवायचं. चौदा हजारांत नऊ पुस्तकं आली. त्यांत ‘फँटॅस्टिक फोर’चा संग्रह आहे, ‘व्हिजन’ आहे, ‘इमॉर्टल हल्क’चा पहिला खंड आहे, आणि मुलीची झिजलेली प्रत तिच्याकडेच राहावी म्हणून ‘मिस मार्व्हल’ची नवी प्रत आहे. उरलेल्या पैशांत रद्दीवाल्याकडून नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव या भारतीय नायकांचे हिंदी अंक आणले. ध्रुव हा अनुपम सिन्हांचा नायक, त्याला कसलीही अतिमानवी शक्ती नाही, हे सांगायला काका आणि मुलगा पहिल्यांदाच एकाच बाजूने उभे राहिले.

नाशिकहून सुरू झालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या वाचन उपक्रमाच्या पुस्तकपेट्या आम्ही पाहिल्या होत्या, तशी एक लहान पेटी केली. जुनी तीन, नवी तीन, आणि एकदम सहाही न्यायची. नुसती आपल्या बाजूची उचलता येत नाहीत.

सगळं गोड झालं असं नाही. सरांनी गट सोडला. मत झाल्यावर ते फिरवणं त्यांना पटलं नाही, आणि मला वाटतं त्यांचा मुद्दा बरोबर होता. मी त्यांना आधी सांगायला हवं होतं की मी मतदान रद्द करणार आहे. त्यांना ते सगळ्यांसमोर कळलं. गट उभा करायला ज्यांनी हात दिला त्यांच्याशी मी असं वागले, याची मला खंत आहे. दोनदा फोन केला, ते नीट बोलले, पण आले नाहीत.

आणि काका-मुलगा अजूनही भांडतात. ‘वन मोअर डे’वर ओझरच्या दादांचं मत इंचभरही हललेलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पैसा आणि आवडीनिवडी एकाच बैठकीत ठेवणार नाही. चौदा हजार टेबलावर नसते तर काकांचं सोफ्याचं वाक्य हसण्यावारी गेलं असतं.

घाईत मतदान घेणार नाही. घेतलंच तर ‘हे पुस्तक घ्यायचं का’ यावर. ‘हा काळ चांगला का’ यावर कधीही नाही.

ज्याने पिशवी बंद केली त्याच्याशी त्याच दिवशी बोलेन. गटात मोठ्याने भांडणारे परत येतात. मुलगा दोन आठवड्यांत परत आला. न बोलता गेलेल्यांच्या मागे आपल्याला जावं लागतं.

चिठ्ठ्यांचा रविवार आधी घेईन. तो आधी झाला असता तर निवडक विरुद्ध गठ्ठा हा घोळ पहिल्याच दिवशी दिसला असता आणि अकरा पानांना आणखी वेळ देता आला असता.

आणि भाषेचा प्रश्न सगळ्यांत आधी विचारेन.

सध्या काकांनी एक काम अंगावर घेतलं आहे. ‘व्हिजन’मधलं एक पान ते मराठीत करताहेत. शेजाऱ्यांनी आपल्याला आपलं मानावं म्हणून धडपडणाऱ्या यंत्रमानवांच्या कुटुंबाचं पान. मुलीने फुग्यांची मापं ट्रेसिंग पेपरवर काढून दिली आहेत. मराठीला वर मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे इंग्रजीच्या तीन ओळींच्या जागेत दोनच बसतात. गेल्या रविवारी काकांचा पहिला फुगा तेवीस शब्दांचा होता. खोडरबर घेऊन बसले, सतरावर आणला, मग चौदावर. मुलगा शेजारी बसून मोजत होता. “अजून तीन जास्त आहेत, काका,” तो म्हणाला. काकांनी पेन्सिलला टोक केलं आणि कागद पुन्हा जवळ ओढला.